समासात लिहिणारे सर

नाशिकमध्ये कंडक्टर म्हटलं की लोकांना एसटीच आठवते. सर होते ऑर्केस्ट्राचे, वादकांपुढे काठी घेऊन उभे राहणारे. सरांना कुणी "आपण काय करता?" असं विचारलं की ते सरळ "कंडक्टर आहे" म्हणून सांगत, आणि समोरचा हमखास विचारी, "कुठल्या डेपोला?" एकदा नाशिकरोडच्या स्टँडवर एका खऱ्या कंडक्टरनेच त्यांना हा प्रश्न विचारला. मी शेजारीच उभी होते. मला वाटलं, सर चिडतील. ते म्हणाले, "तुमचं आणि माझं काम एकच आहे. चाळीस माणसं एका गाडीत बसवायची आणि सगळ्यांना एकाच वेळी उतरवायचं. फरक एवढाच की माझी माणसं मध्येच उड्या मारतात."

तो कंडक्टर मनापासून हसला आणि त्याने सरांना खिडकीजवळची जागा दिली.

मी त्या वेळी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दिवसभर कानाला हेडफोन. ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. मेन रोडवरच्या वाद्यांच्या दुकानात मी व्हायोलिनची तार आणायला गेले, तर काउंटरच्या काचेला एक कागद चिकटवलेला दिसला. वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'ऑर्केस्ट्रासाठी वाजवणारे हवेत. चूक चालेल, उशीर चालणार नाही.' खाली जेलरोडचा पत्ता.

मी पत्त्यावर गेले. पन्नाशी ओलांडलेला, काटक, सावळा माणूस बनियनवर बसून पेन्सिलीला टोक करत होता. माझी व्हायोलिनची पेटी बघून म्हणाला, "काढ बाहेर, पण वाजवू नकोस अजून. मी ठोके देतो. चौतीस ठोके गप्प बसायचं आणि पस्तिसाव्याला एकच सूर द्यायचा. कुठलाही."

मी आठ वर्षं व्हायोलिन शिकले होते, पण गप्प बसायची परीक्षा कुणी घेतली नव्हती. ते टेबलावर बोट आपटत राहिले, मी मनात मोजत राहिले, आणि घाबरून तेहतिसाव्यालाच गज ओढला.

"दोन आधी आलीस," ते म्हणाले. "पण आलीस ती ठामपणे. रविवारी सातला ये."

सर मूळचे हरसूलच्याही पलीकडल्या एका पाड्यावरचे. वडील लग्नाकार्यात सनई वाजवायचे. पंधराव्या वर्षी हा मुलगा कुणा चुलत्याबरोबर देवळालीला आला आणि लष्करी बँडमध्ये भरती झाला. तिथल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरने त्याला पाश्चात्त्य नोटेशन शिकवलं. सर सांगत, "मला मराठी धड वाचता येत नव्हतं तेव्हा पाच रेघांवरचे ठिपके वाचता यायचे." चोवीस वर्षं नोकरी, शेवटची काही वर्षं बँडमास्तर म्हणून. मग मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगला वादकांपुढे उभं राहण्याचं काम. तिथून एके दिवशी सगळं सोडून नाशिकरोडला आले. का सोडलं, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा सांगितलं, "तिथं ह्यांना सिनेमाच्या सेकंदांत बसेल असं घड्याळ बघून वाजवायला लावायचे. ह्यांना ते सोसलं नाही."

नाशिकमध्ये त्यांनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो कसल्या माणसांचा, तर नोटांच्या प्रेसमधले कामगार, बँकेतले कारकून, कॉन्व्हेंटमधल्या संगीताच्या बाई, लग्नाच्या बँडमधले वाजंत्री आणि माझ्यासारखी एक टेलिफोनवाली. रविवारी सकाळी सातला एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम असे. सात वाजले की सर आतून कडी लावत. मग बाहेर कुणीही असो, कडी निघत नसे.

एकदा बिटको चौकात ट्रक आडवा झाला आणि सरच सात वाजून चार मिनिटांनी आले. आमच्यातल्या कुणीतरी सवयीने कडी लावलेली. रफिकभाई धावत उघडायला गेले. रफिकभाई म्हणजे आमचे ट्रम्पेटवाले, जुन्या नाशकातले, लग्नाच्या बँडचे मालक.

बाहेरून सरांचा आवाज आला, "हात लावू नका. नियम सगळ्यांना आहे."

"अहो सर, पण तुमच्याशिवाय तालीम कशी करायची?"

सर वळसा घालून खिडकीपाशी आले. गजांतून हात आत घातला आणि म्हणाले, "पहिल्या पानापासून."

दोन तास त्यांनी खिडकीबाहेर उभं राहून तालीम घेतली. मागे मेथीची गाडी घेऊन एक बाई थांबली होती. ती बराच वेळ बघत होती. मग तिने मेथीची एक जुडी सरांच्या पिशवीत टाकली आणि काही न बोलता निघून गेली. तिला काय वाटलं असेल कोण जाणे! आम्ही मात्र त्या दिवशी जसं वाजवलं तसं त्याआधी कधी वाजवलं नव्हतं.

सरांच्या घरी दोन खोल्या आणि अकरा ट्रंका होत्या. लष्करातल्या काळ्या लोखंडी ट्रंका. त्यांत स्कोअर होते. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचे सूर एकाखाली एक लिहिलेलं जाडजूड बाड. वादकाला फक्त स्वतःचा कागद मिळतो, स्कोअर एकट्या कंडक्टरपुढे असतो. सरांनी ते जन्मभर जमवले होते. कुठे जुन्या बाजारातून, कुठे मोडीत निघालेल्या बँडकडून, आणि कितीतरी स्वतःच्या हाताने रात्रंदिवस उतरवून. कडुलिंबाचा वाळका पाला घालून ठेवलेले. काकू त्यांना पोथ्या म्हणत.

त्या पोथ्यांचे समास मराठी अक्षरांनी भरलेले होते. लाल पेन्सिलीने जोर कुठे, निळ्याने कुणाकडे बघायचं, आणि साध्या पेन्सिलीने... साध्या पेन्सिलीने सगळं जग. 'इथे बैल चढणीला लागलाय. आसूड नको.' 'हा सूर उंबऱ्यातून आत येतो, दार ढकलून नाही.' 'क्लॅरिनेटला श्वास घेऊ दे, दमेकरी आहे.' 'आज तबल्याच्या पोराचे वडील गेले. तरी आला. संथ घेतलं.' एका परदेशी सिम्फनीच्या तिसऱ्या भागाशेजारी लिहिलं होतं, 'आज मुलगी झाली. हा भाग फार जलद वाजला. चूक माझी.'

काकू म्हणायच्या, "माझ्या आजारपणाची तारीखसुद्धा ह्यांच्या ट्रंकेत सापडते. औषधाची चिठ्ठी हरवेल, पण ते नाही हरवायचं."

एकदा मुंबईच्या एका मोठ्या संस्थेची दोन माणसं आली होती. त्यांना सगळा संग्रह हवा होता. कपाटं करू, बांधणी करू, नाव लावू. जाताना त्यांच्यातला एक सहज म्हणाला, "पेन्सिलीच्या खुणा आमचे लोक व्यवस्थित साफ करून घेतील." सरांनी त्यांना चहा दिला, रिक्षापर्यंत सोडायला गेले, आणि परत येऊन मला म्हणाले, "छापलेलं तर जगात कुठंही मिळतं गं."

त्यानंतर त्यांनी मला सगळ्या स्कोअरची यादी करायला सांगितलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझं अक्षर चांगलं म्हणून मला बोलावलं असं मला वाटत होतं. दर शनिवारी दुपारी मी जेलरोडला जाऊन बसे. एक ट्रंक उघडायची, एक एक बाड काढायचं, नाव लिहायचं, पानं चाळायची. चाळता चाळता मी वाचत बसे, आणि सर मला रागवत नसत.

त्या हिवाळ्यात आमचा मोठा कार्यक्रम ठरला होता. मोठं नाट्यगृह, पूर्ण सिम्फनी, चारही भाग. सरांनी ही सिम्फनी आयुष्यात तीनदा हाताळली होती. एकदा लष्करात, एकदा आमच्या ऑर्केस्ट्राच्या सुरुवातीच्या वर्षांत आणि आता. तिन्ही वेळचं लिखाण एकाच स्कोअरमध्ये, एकावर एक. लष्करातलं फिकट, आमच्या सुरुवातीचं जरा ठळक, आताचं ताजं. मी ते पान पान वाचत होते आणि मला काहीतरी टोचायला लागलं.

जुन्या दोन्ही वेळच्या खुणा आवाजाच्या होत्या. 'बासरी कोरडी वाटते.' 'व्हायोलिन तांब्यासारखी हवीत, स्टीलसारखी नकोत.' ताज्या खुणांत आवाजाचा एक शब्द नव्हता. 'पहिल्या व्हायोलिनच्या कोपराकडे बघ.' 'बासरीचे खांदे वर गेले की श्वास. मग दोन ठोके.' 'रफिकचे गाल.' 'दुसरी व्हायोलिन : टेलिफोनवालीची भुवई चढली म्हणजे सूर चढला.'

मी मान वर केली. सर टेबलाशी पेन्सिलीला टोक करत बसले होते. त्यांच्या कोपराजवळचा फोन वाजायला लागला.

फोनच्या घंटीवर माझं पोट चालत होतं. घंटी वाजली की माझा हात आपोआप उचलला जाई. मी वाट बघितली. चार वेळा वाजला, पाच वेळा वाजला. सर शांतपणे पेन्सिलीवर पाती फिरवत होते. मग त्यांनी खोडरबर घ्यायला हात लांबवला, हात घंटीने थरथरणाऱ्या फोनला लागला, आणि त्यांनी चटका बसल्यासारखा तो मागे घेतला. तेवढ्यात काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी फोन उचलला. बोलणं झाल्यावर त्या मला आत घेऊन गेल्या.

"कळलं ना?" त्या म्हणाल्या.

"किती दिवस झाले, काकू?"

"दोन वर्षं होतील. ढोलबिल ऐकू येतं अजून. माणूस समोर बसून बोलला तर ओठांवरून समजतं. बारीक आवाज गेले सगळे. व्हायोलिन तर पार गेलं. आता तू गप्प बस. ते उभे राहतात ना तिथं, तेवढंच आहे त्यांचं."

मी कुणाला काही सांगितलं नाही. भरल्या नाट्यगृहात काही चुकलं तर? लोक हसले तर? चार दिवस मला धड जेवण गेलं नाही. शेवटी मी रफिकभाईंच्या बँडच्या दुकानात गेले. ते ट्रम्पेट पुसत होते. मी सांगितलं तसं त्यांनी ट्रम्पेट खाली ठेवलं.

"बेटा, मला दीड साल झालं माहीत आहे," ते म्हणाले. "मला वाटलं, मी एकटाच आहे. म्हणून तर मी गाल एवढे फुगवतो. साहेबाला लांबून दिसायला पाहिजे ना!"

हळूहळू कळलं की आणखी चार-पाच जणांना ठाऊक होतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच ठाऊक आहे. कुणी खांदे उडवत होतं, कुणी मान हलवत होतं. मीही त्यांच्यात सामील झाले. भुवया इतक्या चढवायला लागले की घरी कपाळ दुखे.

कार्यक्रमाच्या आधीचा रविवार आला. दुसरा भाग अर्ध्यावर आला असताना सरांनी काठी खाली ठेवली. ती लाकडाची बारीक काठी त्यांनी स्टँडवर अगदी हलके ठेवली, तरी सगळे एकदम थांबलो.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

उडवलेले खांदे एकेक करून खाली आले.

"मला ऐकू येत नाय," सर म्हणाले. रागावले की त्यांची पाड्यावरची बोली वर यायची. "पण माझे डोळे हायेत. तुम्ही खांदे उडवताय, त्याने गज घसरतो. रफिकभाई, तुमचे गाल एवढे फुगले की सूर फाटतो, हे मला ऐकल्याशिवाय कळतं. चाळीस वर्षं गाल बघतोय मी. तुम्ही माझ्यासाठी वाजवताय. माझ्यासाठी वाजवू नका. लय झालं हे."

रफिकभाईंनी मान खाली घातली.

मग सर दाराशी गेले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने कडी काढली. दार सताड उघडलं. "ज्याला बहिऱ्या माणसासमोर वाजवायचं नसेल त्यानं आत्ता जावं. मी राग धरणार नाही."

मला वाटलं, कुणी हलणार नाही. पण आमचे पहिले क्लॅरिनेटवाले उठले. बँकेत अधिकारी होते, सज्जन माणूस. त्यांनी वाद्य पेटीत ठेवलं, सरांना नमस्कार केला आणि म्हणाले, "मला भीती वाटते, सर. मला नाही जमणार." सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते गेल्यावर आम्हाला म्हणाले, "खरं बोलला तो." खिशातून पेन्सिल काढून उभ्या उभ्या क्लॅरिनेटचा मोठा तुकडा बासरीला लिहून दिला आणि काठी उचलली. "पहिल्या पानापासून. आणि साधं बसा."

कार्यक्रमाच्या दिवशी नाट्यगृह भरलं होतं. जेवढे संगीत ऐकायला आले होते तेवढेच हा काय प्रकार आहे ते बघायला आले होते. पहिला भाग नीट झाला. आम्ही साधं बसलो होतो, आणि ते साधेपण किती अवघड असतं हे मला त्या दिवशी समजलं. सर काठी फार थोडी हलवत. त्यांची नजर मात्र एकेका माणसावरून अशी फिरे, की वाटे, आपल्या हातातला सूर आपण वाजवण्याआधी त्यांनी बघितलाय.

दुसऱ्या भागात एक लांब, एकट्याचा सूर आहे. मुळात तो हॉर्नसाठी, म्हणजे गोल वळशांच्या एका पितळी वाद्यासाठी लिहिलेला. आमच्याकडे हॉर्न नव्हता, म्हणून सरांनी तो रफिकभाईंच्या ट्रम्पेटला दिला होता. लग्नसराईचे दिवस. रफिकभाई तीन दिवस येवल्याकडे वराती वाजवून त्याच दुपारी परतले होते. त्यांचा ओठ फुटला होता आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

ती जागा आली. सरांनी त्यांच्याकडे बघून हात उचलला. ट्रम्पेट ओठाला लागलं आणि त्यातून नुसती हवा आली.

खालची व्हायोलिन वाजत होती, वर काहीच नाही. एक ठोका गेला. दुसरा गेला. रफिकभाईंचे डोळे विस्फारले होते. सरांना ती हवा ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्यांना सगळं दिसलं होतं. त्यांनी काठी तशीच धरली, ताल किंचित लांबवला, आणि डावा हात उलटा करून, तळवा वर करून माझ्याकडे केला. दुसऱ्या व्हायोलिनच्या आमच्या सहा जणांच्या रांगेत फक्त माझ्याकडे.

त्या पानाच्या समासात लष्करातल्या फिकट अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचलं होतं : 'वाजवणाऱ्याचा ओठ फुटला. मी बघत उभा राहिलो. सूर मेला. लाज वाटली. पुन्हा असं झालं तर दुसरी व्हायोलिन.' पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेलं. ते वाचणारी मी एकटीच होते, आणि सरांना ते माहीत होतं. त्यांनी मला ट्रंका का उघडायला लावल्या ते मला त्या क्षणी समजलं.

मी वाजवलं. सूर मला पाठ होता, कारण सगळ्यांचे कागद मीच उतरवले होते. माझा गज जरा मागे पडत होता आणि सर त्या मागे पडण्याच्या चालीनेच ठोका देत होते, जणू ते तसंच लिहिलंय. दोन ओळी झाल्यावर रफिकभाईंनी रक्ताळलेल्या ओठाने हळूच खालचा सूर धरला. मी सरांकडे बघितलं. ते रफिकभाईंकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मला आजही शब्द सापडत नाही. देवळात गाभाऱ्यापुढे उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी कधी असतं, तसलं काहीतरी.

प्रेक्षकांतल्या कुणालाही काही चुकल्याचं कळलं नाही. एका गृहस्थांनी तर नंतर मला सांगितलं, "ते ट्रम्पेट आणि व्हायोलिनचं एकत्र येणं फार सुंदर लिहिलंय हो."

पडद्यामागे रफिकभाई रडत होते. "साहेब, माफ करा." सर त्यांना म्हणाले, "आधी ओठाला तूप लावा." आणि मला म्हणाले, "पुढचा कार्यक्रम तू घ्यायचा."

मी खूप नाही म्हटलं. टेलिफोन ऑपरेटर बाई चाळीस माणसांपुढे काठी घेऊन उभी राहणार? सरांनी माझं एकही वाक्य ऐकलं नाही. म्हणजे माझ्या ओठांकडे बघितलंच नाही. बहिरेपणाचा त्यांनी करून घेतलेला हा एकच फायदा.

पुढची चार वर्षं शनिवारची दुपार माझी शाळा झाली. एक स्कोअर उघडायचा आणि मी समोर कुणी नसताना काठी हलवायची. ते बघत बसत. त्यांचं लिखाण मी जसंच्या तसं पाळलं की त्यांना राग येई. "हे माझ्या माणसांसाठी होतं. तुझी माणसं बघ." मग माझ्या हातात पेन्सिल देत. पहिल्यांदा त्या समासात लिहिताना मला देवाच्या मूर्तीवर नाव कोरल्यासारखं वाटलं होतं. सरांनी वाचलं आणि म्हणाले, "अक्षर चांगलंय. आता खरं लिही."

सर शेवटी अंथरुणाला खिळले. ढोलसुद्धा ऐकू येईनासा झाला होता. तशात आमचा एक कार्यक्रम झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी जेलरोडला गेले. काकूंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. फार बारीक झाले होते. मी जवळ जाऊन बसले.

"काल कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी ओठ नीट उघडून म्हणाले, "छान झालं, सर. लोक उठून उभे राहिले."

ते माझ्या भुवईकडे बघत होते, ओठांकडे नाही. खिडकीतून उन्हाची तिरीप त्यांच्या पांघरुणावर आली होती.

"तिसरा भाग घाईत घेतलास," ते म्हणाले.

मी काल भलतीच घाबरले होते आणि तिसरा भाग पळवला होता. ऑर्केस्ट्रातल्या कुणीही मला ते सांगितलं नव्हतं.

"हो, सर," मी म्हणाले.

त्यांनी समाधानाने मान हलवली. मग पांघरुणातून उजवा हात बाहेर काढला, तर्जनी वर केली, आणि चाळीस जण समोर बसलेत अशा आवाजात म्हणाले, "पहिल्या पानापासून."